आभासी एथरनेट सेगमेंट व स्यूडोवायर

आभासी एथरनेट सेगमेंट व स्यूडोवायर : दूरसंचार सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या राउटरांवर वापरली जाणारी जोडणीची पद्धत. ग्राहकाची एथरनेट सेवा एकाच वेळी दोन किंवा अधिक राउटरांशी बांधून ठेवायची, त्यांतला एक बंद पडला तरी ती चालू राहू द्यायची, आणि त्यासाठी दर ग्राहकामागे वेगळे पोर्ट अडवायचे नाही, हा तिचा हेतू.

स्यूडोवायर ही एमपीएलएस (लेबलांवर चालणाऱ्या) जाळ्यातून दोन राउटरांदरम्यान टाकलेली तर्कगत तार होय. तिची रचना आरएफसी ३९८५ (२००५) या इंटरनेट-मानकांच्या मालिकेतील दस्तऐवजात मांडली गेली. ती उभारण्याची एलडीपी या लेबल-वाटपाच्या प्रोटोकॉलवर आधारलेली रीत आरएफसी ४४४७ (२००६) मध्ये आली आणि आरएफसी ८०७७ (२०१७) मध्ये सुधारली गेली. तिच्यावरून जाणाऱ्या एथरनेट फ्रेमवर दोन लेबले चढतात. बाहेरचे लेबल फ्रेमला पलीकडच्या राउटरपर्यंत नेते, आतले ती फ्रेम कोणत्या स्यूडोवायरची हे सांगते.

ईव्हीपीएन (आरएफसी ७४३२, २०१५) या तंत्रात मॅक पत्ते (उपकरणांचे एथरनेट पत्ते) बीजीपी या मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलमधून इतर राउटरांना कळवले जातात. एक ग्राहक अनेक राउटरांना जोडलेला असेल, तर त्या दुव्यांच्या संचाला एथरनेट सेगमेंट म्हणतात आणि त्याला १० बाइटांची ओळख, ईएसआय, दिली जाते. मूळ रचनेत हा संच भौतिक पोर्टांचा किंवा एकत्र बांधलेल्या दुव्यांचा होता. प्रत्यक्षात मात्र दोन कंपन्यांच्या सीमेवरील एकाच पोर्टवरून हजारो ग्राहकांची सर्किटे येतात. काही ग्राहक तर स्यूडोवायरवरूनच पोहोचतात, तिथे त्यांचे स्वतःचे पोर्ट नसतेच. म्हणून ओळख पोर्टला न देता सर्किटाला किंवा स्यूडोवायरला देणे भाग पडले. हाच आभासी सेगमेंट. उपकरण-उत्पादकांनी तो आधीच वापरात आणला होता. आरएफसी ९७८४ हे त्याचे मानक २०२५ मध्ये निघाले.

सिस्कोच्या आयओएस एक्सआरमध्ये ‘ईव्हीपीएन’ विभागाखाली ‘व्हर्च्युअल नेबर’ म्हणून पलीकडच्या राउटरचा पत्ता व पीडब्ल्यू-आयडी (स्यूडोवायरचा क्रमांक) देतात आणि त्याखाली सेगमेंटची ओळख लिहितात. नोकियाच्या एसआर ओएसमध्ये सेगमेंट ‘व्हर्च्युअल’ म्हणून घोषित करून त्याला एसडीपी (पलीकडच्या राउटरकडे नेणारा बोगदा) जोडतात व व्हीसी-आयडींचा (स्यूडोवायर-क्रमांकांचा) पट्टा ठरवून देतात. शब्द वेगळे असले तरी काम एकच : कोणती स्यूडोवायर कोणत्या ईएसआयची, हे राउटरला सांगणे.

खरी जोखीम ईएसआय लिहिण्याच्या ओळीतच आहे. एकाच ग्राहकाच्या दोन्ही राउटरांवर ईएसआय तंतोतंत सारखा हवा. तो बहुधा हाताने टंकला जातो, आणि एक बाइट चुकला तरी राउटर तक्रार करत नाही. एरवी दोघे बीजीपीच्या चौथ्या प्रकारच्या मार्गातून एकमेकांना ओळखतात, मूळ नियमाप्रमाणे ३ सेकंद थांबतात आणि नियुक्त अग्रेषक निवडतात. ब्रॉडकास्ट फ्रेम ग्राहकाकडे पाठवण्याचा अधिकार फक्त त्याचा. ओळख जुळली नाही तर प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटते. दोघेही अग्रेषक होतात, ग्राहकाकडे फ्रेम दुहेरी जातात, लूपही होऊ शकतो, आणि एकच मॅक पत्ता कधी या राउटरवर तर कधी त्या राउटरवर दिसू लागतो. १८० सेकंदांत ५ वेळा पत्ता हलला की ईव्हीपीएन त्याला दुहेरी ठरवते, पण तोवर ग्राहकाला त्रास झालेला असतो. दोन्ही बाजूंच्या नोंदी एकाच तक्त्यातून निर्माण करणे हा यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय.

स्यूडोवायरवरील सेगमेंट साधारणपणे एका वेळी एकच राउटर सक्रिय, अशा रीतीने चालवतात. अग्रेषक नसलेला राउटर आपली स्यूडोवायर राखीव असल्याचे एलडीपीच्या स्थितिसंदेशातून कळवतो, त्यामुळे ग्राहकाकडचा राउटर तिच्यावर फ्रेम टाकत नाही. दोन्ही टोकांना पीडब्ल्यू-आयडी, स्यूडोवायरचा प्रकार आणि एमटीयू (कमाल आकार) सारखे हवेत. एमटीयू जुळला नाही तर स्यूडोवायर उभीच राहत नाही. लेबलांनंतर व फ्रेमच्या आधी येणारा छोटा शीर्ष, म्हणजे कंट्रोल वर्ड, चालू ठेवावा, अशी शिफारस आरएफसी ८४६९ (२०१८) करते. तो नसेल आणि मॅक पत्ता ४ किंवा ६ या अंकाने सुरू होत असेल, तर वाटेतला राउटर त्या फ्रेमला आयपी पॅकेट समजू शकतो. मग एकाच प्रवाहातील फ्रेम वेगवेगळ्या वाटांनी जाऊन क्रम बिघडवतात. असा दोष क्वचित दिसतो आणि शोधायला फार कठीण जातो.

दोन कंपन्यांच्या सीमेवरील सामाईक पोर्ट पडल्यास त्यावरील हजारो सेगमेंटांचे मार्ग एकेक करून मागे घेणे परवडत नाही. आरएफसी ९७८४ ने यासाठी गट करण्याची सोय केली आहे : मार्गांवर पोर्टच्या मॅक पत्त्याची खूण असते आणि बिघाड होताच एका संदेशाने त्या खुणेचे सर्व सेगमेंट मागे घेतले जातात.

सेवा सुपूर्द करण्यापूर्वी प्रत्येक सेगमेंटच्या यादीत दोन्ही राउटरांचे पत्ते दिसतात का आणि अग्रेषक एकच आहे का, हे दोन्हीकडून तपासावे; नंतर सक्रिय स्यूडोवायर मुद्दाम पाडून दुसरी खरोखर वाहतूक उचलते याची खात्री करावी.