घासाघीस : क्रयविक्रयाच्या बोलीतील काही पुरावे

जुन्या बाजारांच्या इतिहासात भावाची नोंद सापडते. तो भाव ज्या बोलण्यातून ठरला ते बोलणे सहसा सापडत नाही. वाण्याच्या वहीत अखेरचा आकडा तेवढा उतरतो, त्याआधी दोन्ही बाजूंनी उच्चारलेले चार आकडे हवेत विरून जातात. त्यामुळे घासाघीस ही नित्याची क्रिया असूनही तिच्या इतिहासाला कागदाचा आधार थोडा. जेथे दप्तर मूक आहे तेथे भाषेकडे वळणे इष्ट, एवढ्याच हेतूने प्रस्तुत टिपण लिहिले आहे.

या क्रियेचा फार जुना उल्लेख ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, चोविसाव्या सूक्तात येतो. मोठ्या मोलाच्या वस्तूला कोणी थोडे मोल देऊ केले. तेव्हा न विकताच परत फिरलो याचाच आनंद वाटला, अशा आशयाची तेथील नववी ऋचा आहे. तिच्या पुढच्याच ऋचेत, माझा हा इंद्र दहा गाईंना कोण विकत घेतो, असा पुकारा आहे. देवाविषयी बोलतानाही कवीच्या ओठी बाजाराचा संवाद यावा, यावरून तो संवाद श्रोत्यांच्या किती ओळखीचा असेल हे कळते. तेथे मोलाला ‘वस्न’ हा शब्द आहे. ग्रीक ‘ओनोस’ व लॅटिन ‘वेनुम’ हे त्याचे सगोत्र होत. आजच्या मराठीत तो उरलेला नाही.

पुढे अर्थशास्त्र व स्मृती यांत राजाने भाव ठरवावेत असे नियम येतात. कौटिल्य स्वदेशी मालावर शेकडा ५ व परदेशी मालावर शेकडा १० एवढाच नफा व्यापाऱ्यास मान्य करतो. मनूने दर पाच दिवसांनी किंवा पंधरवड्याने मूल्यनिश्चिती सांगितली आहे. यावरून प्राचीन बाजारात घासाघीस नव्हती असे अनुमान काढणे घाईचे होईल. जी गोष्ट आपोआप घडते तिच्यासाठी कोणी नियम करीत नाही.

आता मराठीकडे येऊ. मंडईत भाव विचारताना आपण ‘वांगी कशी दिली?’ असे म्हणतो. या प्रश्नात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, प्रश्न परिमाणाचा असून शब्द रीतीचा आहे. ‘किती’ नव्हे, ‘कशी’. दुसरी, देणेघेणे व्हायचे असताना क्रियापद मात्र भूतकाळी आहे. व्यवहार जणू पार पडला आहे, त्याची रीत तेवढी कळायची राहिली आहे! याउलट ‘परवडत नाही’ हा प्रयोग पाहावा. विक्रेता तो म्हणतो आणि गिऱ्हाईकही म्हणते. दिशा विरुद्ध, शब्द एकच. शिवाय येथे बोलणारा कर्ता नसतो. ‘मी देत नाही’ असे न म्हणता ‘मला परवडत नाही’ असे म्हटले की नकाराचे दायित्व परिस्थितीकडे जाते आणि बोलणे पुढे चालू राहते. भावही आपोआप ‘ठरतो’; तो कोणी ‘ठरवला’ असे म्हटले की त्यात तक्रार डोकावते. ‘ताई’, ‘मावशी’, ‘दादा’ ही संबोधनेही याच कामी येतात.

परंतु घासाघीस केवळ आकड्यांवर चालते हा समज अपुरा आहे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर ही घरगुती मापे दुपटीदुपटीने वाढत. चार शेरांची पायली. धान्य मापताना ते काठाशी सपाट करावे की वर शीग लावावी, हा भावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असे. भाव तोच ठेवून शिगेत देणे वा राखणे दोघांनाही सोयीचे. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू येथील बाजाराचा अभ्यास करून १९७८ साली हेच दाखविले : जेथे मालाविषयीची माहिती अपुरी व विषम वाटलेली असते तेथे घासाघीस हे माहिती काढण्याचे साधन असते, आणि किंमत स्थिर ठेवून वजन वा प्रत यांतही ती चालते. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यान्वये दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. त्या पाव पैशाचा वाली कोण, हा नवाच वाद त्यामुळे निर्माण झाला. शीग मात्र तराजूपुढे हरली. भाजीवर घातलेल्या कोथिंबिरीच्या चार काड्या हा तिचा अवशेष मानता येईल.

घासाघिशीचे सर्वांत शुद्ध रूप बोहारणीच्या व्यवहारात दिसते, कारण तेथे आकडाच नाही. जुनी लुगडी व सदरे एका बाजूस, पातेले दुसऱ्या बाजूस. बोहारीण कापड उजेडात धरून विरलेली जागा दाखविते, गृहिणी भांड्याचा पत्रा बोटाने वाजविते. ‘आणखी एक सदरा घाला’, ‘मग पातेल्यावर झाकणी द्या’ असे करीत सौदा पुढे सरकतो. दिल्लीतील अशाच व्यवहारावर लूसी नॉरिस यांचा ग्रंथ २०१० साली निघाला आहे. या प्रथेचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र विसरू नये. उन्हात बोचके घेऊन दारोदार फिरणारी बाई आणि उंबऱ्याच्या आत बसलेली बाई यांचे बळ सारखे नसते. संध्याकाळपूर्वी बोचके भरणे एकीला भाग असते, दुसरीला नसते. म्हणून घासाघीस ही समानांची क्रीडा होय, हे विधान मला मान्य नाही.

तसेच एकच भाव म्हणजे सचोटी व घासाघीस म्हणजे लबाडी, ही विभागणीही इतिहासाला धरून नाही. मित्सुई घराण्याने १६७३ साली एदो येथे उघडलेले कापडाचे दुकान रोखीच्या एकच भावासाठी प्रसिद्धी पावले. पॅरिसच्या बोन मार्शेने १८५२ नंतर तीच रीत रूढ केली. इंग्लंडातील क्वेकरांनी सतराव्या शतकात ती धर्मबुद्धीने स्वीकारली, हे खरे. पण मोठ्या दुकानांत हेतू निराळा होता. पगारी नोकराच्या हाती मालकाचा नफा घासाघिशीसाठी सोपविणे त्यांना शक्य नव्हते.

भारतात आवेष्टित मालाचे नियम १९७७ साली झाले आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे १९९० च्या दुरुस्तीने आले. ‘कमाल’ या शब्दाचा अर्थ ‘याहून अधिक नाही’ एवढाच. त्याखाली घासाघिशीस कायद्याची आडकाठी नाही. तरी लोकभाषेत ती ‘छापील किंमत’ झाली, आणि छापलेल्याशी कोण वाद घालणार? साबणाची वडी ‘कितीला?’ म्हणून विचारणारी गृहिणीच पुढच्या गाडीपाशी थांबून ‘मेथी कशी दिली?’ असे विचारते.