सर्वांत लवकरची वाट

पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूर शहरात न शिरता पूर्वेच्या अंगाने जातो. त्याला लागूनच उचगाव आहे. शेजारी गांधीनगरची कापडपेठ आणि पुढे हुपरीकडे जाणारा रस्ता. तावडे हॉटेलच्या चौकात वाहने तुंबली, की परगावचा चालक पूर्वी काच खाली करून पानपट्टीवाल्याला वाट विचारी. ‘तिकडनं जाऊ नका, गल्ली बारीक हाय,’ असे उत्तर मिळे. आता तो मोबाईलला विचारतो, आणि मोबाईल गल्ली बारीक असल्याचे काही बोलत नाही. असे का, हे समजण्यासाठी आपल्याला सुमारे ७० वर्षे मागे जावे लागेल.

१९५६ साली एड्सगर डायक्स्ट्रा हा तरुण डच संगणकतज्ज्ञ आपल्या वाग्दत्त वधूबरोबर ॲम्स्टरडॅममध्ये खरेदीला गेला होता. दमून दोघे कॉफी प्यायला बसले. तेथील गणित केंद्राचा आर्मॅक हा नवा संगणक लोकांना दाखवायचा, तर सामान्य माणसाला कळेल असा प्रश्न हवा होता. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याची सर्वांत जवळची वाट कोणती? डायक्स्ट्राने कागद-पेन्सिलीशिवाय सुमारे २० मिनिटांत रीत शोधली. प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्सच्या ६४ शहरांचा नकाशा घेतला. १९५९ मध्ये ती रीत अवघ्या तीन पानांच्या लेखात प्रसिद्ध झाली.

रीत सोपी आहे. निघण्याच्या गावाला सर्वांत जवळचे गाव पक्के करायचे, त्याच्यामार्गे इतर गावांची अंतरे कमी होतात का पाहायचे, मग उरलेल्यांपैकी सर्वांत जवळचे पक्के करायचे. आपल्या तालुक्याचा नकाशा फळ्यावर काढून एका तासात हे करून दाखवता येते.

आजचे वाटाडे कार्यक्रम याच कल्पनेच्या सुधारलेल्या रूपांवर उभे आहेत. फरक एवढाच, की ते किलोमीटरऐवजी मिनिटे मोजतात. रस्त्यावरच्या असंख्य मोबाईलकडून त्यांना जागा कळते, जागेवरून वेग आणि वेगावरून मिनिटे. गल्लीत दारासमोर खेळणारी मुले या हिशेबात कोठेच येत नाहीत.

शिवाय डायक्स्ट्राच्या नकाशावर प्रवासी एकच होता. त्याच्या जाण्याने रस्ता भरत नव्हता. प्रवासी अनेक असले की काय होते, याचा विचार केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच केला होता. त्यांचेच दोन रस्त्यांचे उदाहरण आपण उचगावात आणू या. (आकडे आमच्या मनचे आहेत.) तुंबलेल्या महामार्गाने २० मिनिटे लागतात. गल्लीने, ती रिकामी असताना, १० मिनिटे. पण गल्लीत दर १० वाहनांमागे एक मिनिट वाढते. पहिल्या चालकाची १० मिनिटे वाचतात. मोबाईल त्याच्याशी खोटे बोललेला नाही. मग दुसरा वळतो, तिसरा वळतो. १०० वाहने शिरली की गल्लीलाही २० मिनिटेच लागतात. आता कोणाचे एक मिनिटही वाचत नाही, आणि गल्लीत मात्र १०० वाहने आहेत! ५० वरच थांबले असते, तर प्रत्येकी ५ मिनिटे, म्हणजे एकूण २५० मिनिटे वाचली असती. पण ५१ व्याने का थांबावे? त्याला अजून जवळजवळ ५ मिनिटांचा फायदा दिसतोच आहे. प्रत्येक जण स्वतःपुरती लवकरची वाट निवडू लागला, की वापरातल्या सर्व वाटांना सारखाच वेळ लागू लागतो, हा नियम १९५२ मध्ये इंग्लंडच्या जॉन वॉर्ड्रॉप यांनी मांडला.

अमेरिकेत न्यू जर्सीतील लिओनिया या छोट्या गावाने जानेवारी २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी सुमारे ६० रस्ते बाहेरच्यांना बंद केले. त्याच वर्षी न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले. डायक्स्ट्राच्याच देशातल्या डेल्फ्ट शहराने मोबाईलच्या कितीतरी आधी वेगळा मार्ग काढला होता. वस्तीतले रस्ते वाकडे करून, मध्ये झाडे लावून त्यांनी वाहनांना चालणाऱ्याच्या गतीवर आणले. १९७६ मध्ये तेथे तसा कायदाही झाला. रस्त्याची लांबी तीच राहिली, मिनिटे वाढली. मिनिटांची भाषा संगणकाला बरोबर कळते. अर्थात ती मिनिटे रुग्णवाहिकेलाही लागतात, आणि एका गल्लीतून हटलेली वाहने शेजारच्या गल्लीत जाऊ शकतात.

महामार्गाजवळच्या शाळांना एक प्रयोग सुचवतो. विद्यार्थ्यांनी फाटकाच्या आत उभे राहून, सकाळी आणि संध्याकाळी १५ मिनिटे, गल्लीतून जाणारी वाहने मोजावीत. कोल्हापूरचा क्रमांक एमएच ०९ आहे. इतर क्रमांकांची वाहने वेगळ्या रकान्यात लिहावीत. महामार्ग तुंबलेला असताना आणि मोकळा असताना, अशा दोन्ही दिवसांच्या नोंदी घ्याव्यात.