स्वहस्ते भरलेले काडतूस : अमेरिकन रायफलधारक आणि त्याची बाजारपेठ

अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशाचे जे चित्र लोकप्रिय ग्रंथांनी रूढ केले आहे, त्यात शेकोटीपाशी बसून शिसे वितळविणारा आणि आपल्या रायफलीच्या गोळ्या आपणच ओतणारा शिकारी हटकून आढळतो. स्वावलंबी सीमावासीयाचे प्रतीक म्हणून त्याचा गौरवही पुष्कळ झाला आहे. हे चित्र खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. त्या शेकोटीजवळचे शिसे कोणी आणले, दारूचे पिंप कोणत्या दुकानातून आले आणि चिमटीत मावणारी स्फोटक टोपी कोठे तयार झाली, हे प्रश्न विचारताच तो एकाकी शिकारी एका दूरवर पसरलेल्या बाजारपेठेचा गिऱ्हाईक असल्याचे दिसू लागते.

रायफलीच्या काडतुसाचे घटक चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी टोपी, दारू आणि गोळी. बार उडाल्यावर यांपैकी पुंगळी तेवढी हाती उरते. तीच पुन्हा वापरावयाची, तर उरलेल्या तीन वस्तू दर वेळी नव्याने मिळविणे भाग असते. ठासणीच्या बंदुकीच्या काळी दारू व गोळी वेगवेगळी बाळगण्याचा सराव प्रत्येकास होताच, त्यामुळे काडतूस घरी भरण्याची कल्पना लोकांस परकी वाटली नाही. अडचण आली ती यंत्ररचनेची. १८६० सालच्या हेन्री रायफलीच्या काडतुसात स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेच्या घडीतच भरलेला असे, आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपून जाई. अशी पुंगळी एकदा उडाली की फेकून देण्याखेरीज गत्यंतर नसे.

पुंगळीच्या मध्यभागी वेगळी टोपी बसविण्याची युक्ती १८६६ च्या सुमारास स्थिरावली आणि परिस्थिती पालटली. यात एक मौज आहे. अमेरिकेच्या हायरम बर्डनने काढलेली टोपी पुढे यूरोपात रूढ झाली, तर इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरची टोपी अमेरिकेत कायमची रुळली. (बॉक्सरचे काडतूस ब्रिटिश सैन्यात दाखल झाल्यावर थोड्याच वर्षांत, १८६९ साली, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, हे पुण्याच्या वाचकास येथे आठवावे.) बॉक्सरच्या पुंगळीस मध्यभागी एकच छिद्र असल्याने साध्या खिळ्यासारख्या दांडीनेही जुनी टोपी आतून ढकलून काढता येते. बर्डनच्या रचनेत छिद्रे दोन, तीही बारीक व मध्यापासून बाजूस. म्हणून तेथे निराळे हत्यार लागते. १८७० नंतरच्या दशकात दोन्ही प्रकार अमेरिकेत चालू होते. पुंगळी एका जातीची आणि टोप्या दुसऱ्या जातीच्या अशी खरेदी करणाऱ्या नवशिक्याचा सारा खटाटोप त्यामुळे व्यर्थ जाई.

या पद्धतीचा पहिला मोठा उपयोग झाला तो बायसनच्या संहारासाठी. १८७१ च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून कारखान्यांस उपयोगी चामडे कमाविण्याची रीत साधली, आणि १८७२ च्या सप्टेंबरात लोहमार्ग कॅन्सासमधील डॉज सिटीस पोहोचला. याच मार्गाने कातडी पूर्वेकडे जात आणि शिसे, दारू, टोप्या पश्चिमेकडे येत. शार्प्स रायफलीची मोठी काडतुसे तयार विकत घेणे महाग पडत असल्याने धंदेवाईक शिकारी ती तळावरच भरीत. शिसे लगडींच्या रूपाने येई, दारू पंचवीस पौंडी पिंपांतून. गोळी कठीण व्हावी म्हणून शिशात थोडे कथीलही मिसळीत.

बायसनचे कळप दक्षिणेकडे हटले तशी दुकानेही त्यांच्यामागून सरकली. १८७४ च्या वसंतात डॉज सिटीच्या व्यापाऱ्यांनी टेक्ससच्या उत्तर भागात अडोबी वॉल्स येथे ठाणे वसविले : दोन दुकाने, एक मद्यगृह, एक लोहारशाळा. त्याच वर्षी २७ जून रोजी कोमांची, कायोवा व शायेन योद्ध्यांनी क्वाना पार्करच्या नेतृत्वाखाली या ठाण्यावर हल्ला चढविला. आतील माणसे जेमतेम तीस होती, पण रायफली आणि दारूगोळा यांचा साठा त्यांच्याजवळच होता. कारण ते लढत होते ते दारूगोळ्याच्या दुकानातूनच. हल्ला फसला. ज्या कळपांवर या लोकांचे जीवन अवलंबून होते त्यांचा संहार या दुकानांच्या पुरवठ्यावर चालला होता, हे ध्यानी घेतल्यास हल्ल्याचे लक्ष्य मुळीच यादृच्छिक वाटत नाही. त्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेतील आणि १८८३ पर्यंत उत्तरेतील कळप नामशेष झाले.

यानंतर सामग्रीचा गिऱ्हाईक बदलला. न्यू हेवन येथे जॉन बार्लोने १८८४ साली स्थापिलेली आयडियल कंपनी चिमट्यासारखे, हातात धरून वापरावयाचे साधन विकू लागली. शिवाय माहितीपुस्तिका छापून नवशिक्याने काय घ्यावे हेही ती सांगे. तथापि याच सुमारास धूरविरहित दारू आली आणि जुने ज्ञान धोक्याचे ठरले. काळ्या दारूच्या मापाने नवी दारू भरणाऱ्याची बंदूक फुटे, म्हणून नाजूक तराजू हा खरेदीच्या यादीतील आवश्यक जिन्नस झाला. वाढलेल्या वेगास नुसते शिसे टिकत नसल्याने गोळीवर तांबेमिश्रित धातूचे आवरण आले, आणि ते घरच्या साच्यात ओतता येण्याजोगे नव्हते. अशा रीतीने जी वस्तू शिकारी खरोखर स्वतः बनवीत असे, तीही कारखान्याकडे गेली.

दुसऱ्या महायुद्धात खासगी ग्राहकांस सुटे साहित्य मिळणे दुरापास्त झाले, आणि या टंचाईतूनच नवे धंदे जन्मास आले. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टनने १९४३ साली बिंदू-बावीस काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून गोळीचे आवरण घडविणारे साचे काढले. कडेला मसाला असल्यामुळे पुनर्भरणास निरुपयोगी ठरलेली पुंगळी अशा आडवाटेने पुन्हा उपयोगी पडली! आयडाहोत व्हर्नन स्पीअर आणि १९४९ पासून नेब्रास्कात जॉइस हॉर्नडी यांनी गोळ्या बनविण्यास आरंभ केला. खरा पालट घडविला तो मात्र शिल्लक युद्धसामग्रीने. कॅन्सासच्या ब्रूस हॉजडनने ४८९५ या क्रमांकाची सुमारे ५०,००० पौंड सरकारी दारू घेतली, तिच्यासाठी रेल्वेच्या जुन्या डब्याचे कोठार केले आणि ती किरकोळीने विकली. १९४९ साली टाउनसेंड व्हेलेन यांचे नवशिक्यांसाठी लिहिलेले ‘व्हाय नॉट लोड युअर ओन’ हे पुस्तक निघाले, तेव्हा त्याच्या वाचकास ही स्वस्त दारू व लष्करी पुंगळ्या विपुल उपलब्ध होत्या. लष्करी पुंगळीत टोपी पक्की दाबून बसविलेली असल्याने ती दाब खरवडून काढण्याचे हत्यार मात्र त्याला घ्यावे लागे, एवढाच काय तो त्रास.

या मुबलकतेच्या काळात राज्यसंस्थेचा हात अदृश्य राहिला, म्हणूनच पुनर्भरण ही निव्वळ खासगी हौस भासत असे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने तो दृश्य केला. पुंगळी, टोपी, गोळी व दारू या चारही घटकांची गणना त्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्यातच झाली. परराज्यातून टपालाने माल मागविणे बंद झाले आणि परवानाधारक दुकानदाराकडे नोंद आली. हे निर्बंध १९८६ साली बहुतांशी सैल झाले.

टोपीचा प्रश्न मात्र कोणत्याच काळात सुटला नाही. शिसे ओतता येते, पुंगळी जपता येते. संवेदनशील स्फोटक हाताळून टोपी बनविणे हे कारखान्याचेच काम राहिले, आणि असे कारखाने मोजकेच. २०२० साली महामारीच्या काळात दारूगोळ्याची मागणी अकस्मात वाढली, तेव्हा काडतुसे व टोप्या दोन्ही बनविणाऱ्या कारखान्यांनी टोप्या प्रथम स्वतःच्या काडतुसांसाठी वळविल्या. घरी तराजू, साचे आणि धुऊन ठेवलेल्या शेकडो पुंगळ्या असलेले लोक दुकानांतून रिकाम्या हाताने परतले.