ब्रह्मपुरीचें मद्यपात्र

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतींत चार मित्रांपुढें उंची विलायती द्राक्षमद्य ठेवणें ही कित्येकांस आजची टूम वाटेल. परंतु पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडांत १९४५ च्या सुमारास कांशाच्या वस्तूंचा जो सांठा सांपडला, त्यांत समुद्रदेव पोसायडनच्या मूर्तीबरोबर मद्य वाढण्याचें रोमन घडणीचें पात्रही होतें. काळ सातवाहनांचा. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत इटलीचें, लाओदिकीचें व अरबस्तानचें मद्य सांगितलें आहे. राजासाठीं निवडक मद्य निराळेंच!

म्हणून आपले पूर्वज रोज रोमचें मद्य पीत होते, असें छातीठोक सांगणें मला रुचत नाहीं. मद्याच्या पात्रांत पाणीही भरतां येतें. शिवाय त्या पंगतींत आपला तांबडा रस्सा कोठला? मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांनीं ती सोळाव्या शतकांत आणली. तोंवर तिखटाचें काम मिऱ्यें करीत. गंमत अशी, कीं हींच मलबारचीं मिऱ्यें सोनें मोजून नेऊन रोमन लोक मधाबरोबर मद्यांतही घालीत. संग्रहालयांत लोक पोसायडनपुढें गर्दी करतात. मी त्या पात्रापाशीं अधिक रेंगाळतों.