रेषांचा हिशेब

बंगळूरच्या पूर्वेस, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याच्या सान्निध्यात, १९७० नंतरच्या दशकात इंदिरानगरची वसाहत आकारास येत असताना तिथल्या नव्या घरांत रेडिओ होता, दूरचित्रवाणी नव्हती. कारण मुंबई केंद्र १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले असले तरी त्याच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी इतक्या दूर पोहोचणे शक्य नव्हते, आणि बंगळूरला स्वतःचे केंद्र मिळावयास १९८१ साल उजाडावे लागले. तत्पूर्वीच, १९७५-७६ मध्ये, अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांचा अंतर्भाव होता, आणि गुलबर्ग्यास तर १९७७ मध्ये स्वतंत्र केंद्रही लाभले. राजधानीच्या आधी दुष्काळी मुलुखाला हे साधन देण्याचा तो निर्णय मला आजही न्याय्य वाटतो.

त्या काळी संच घेणे म्हणजे टपाल कचेरीतून परवाना काढणे आणि गच्चीवरील अँटेना मनोऱ्याच्या रोखाने बसविणे असा सारा व्याप असे. शहराच्या दुसऱ्या टोकास, जालहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, कृष्णधवल चित्रनळ्या तयार होत. परंतु चित्राची सुस्पष्टता ना कारखानदाराच्या हाती होती, ना ग्राहकाच्या, कारण सरकारने स्वीकारलेल्या प्रमाणातच ती ठरून गेली होती. हे प्रमाण ६२५ आडव्या रेषांचे. त्यांपैकी ५७६ रेषांवर प्रत्यक्ष चित्र असे, आणि त्याही एकदम न उमटता विषम व सम अशा दोन फेऱ्यांत, सेकंदास ५० फेऱ्या या वेगाने, उमटत. १९८२ च्या ऑगस्टात रंग आले, रेषा तितक्याच राहिल्या. म्हणून मोठा पडदा घेणाऱ्यास अधिक तपशील मिळत नसे, तोच तपशील मोठा होऊन दिसे.

जपानच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर संशोधन आरंभून ११२५ रेषांची पद्धत सिद्ध केली, ती प्रेक्षकाने पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसावे या हिशेबाने. आपल्याकडे दूरदर्शनने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी हाय-डेफिनिशन प्रक्षेपण केले, आणि बंगळूरच्या केबलला डिजिटल होण्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. तोवर पातळ, रुंद पडदे घरोघरी येऊन पोहोचले होते, आणि जुने ४:३ प्रमाणाचे चित्र त्यांवर ताणले जाऊन माणसांचे चेहरे विनाकारण स्थूल दिसत. संच पुढे आणि प्रक्षेपण मागे, ही तफावत या व्यवसायाच्या इतिहासात पुनःपुन्हा आढळते. आजही ८३ लक्ष बिंदूंच्या फोर-के पडद्यावर आपण पुष्कळदा ७२० गुणिले ५७६ बिंदूंची, म्हणजे सव्वाचार लाखांहून कमी बिंदूंची वाहिनी पाहतो, आणि संच उरलेले बिंदू अंदाजाने भरून काढतो.

४३ इंची पडद्याची उंची सुमारे २१ इंच असते. सामान्य दृष्टीच्या माणसाला फुल एचडीच्या १,०८० रेषांचा तपशील अशा पडद्यावर सुमारे साडेपाच फुटांपर्यंतच पूर्णपणे दिसतो. दहा फुटांवर बसणाऱ्यास फोर-केचे अधिक बिंदू डोळ्यांनी वेचता येत नाहीत. इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावरील शोरूममध्ये पडदा हातभर अंतरावरून न्याहाळला जातो, घरी तो आसनावरून पाहावयाचा असतो. तेव्हा वाचकांस विनंती अशी की, निघण्यापूर्वी आपल्या आसनापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे, आपण नित्य पाहतो त्या वाहिन्या कोणत्या प्रतीच्या आहेत याची चौकशी करावी, आणि मगच दर विचारावा.