राजाचा ओढा आणि धोबिणींचा ओढा

कोरियाची राजधानी सेऊल. तिच्या ऐन मध्यातून पूर्वेकडे एक ओढा वाहतो. चंगयेचन हे त्याचे नाव. नावात पाण्याची निर्मळता आहे, इतिहासात मात्र गाळच अधिक.

जोसन राजवटीत सारे शहर आपले सांडपाणी याच ओढ्यात सोडी. उघड्या पडलेल्या डोंगरांवरून माती वाहून येई, पात्र उथळ होई आणि पावसाळ्यात घरे बुडत. १७६० साली राजा यंगजो याने ५७ दिवस दोन लाखांहून अधिक माणसे राबवून गाळ उपसला. काम पुरे झाल्यावर त्याने पद्ये रचली. दरबारी चित्रकारांनी पुलावर बसून काम पाहणारा राजा, खाली बैल आणि फावडी घेतलेले मजूर असा देखावा रंगविला. पुनरुज्जीवित ओढ्याला कलेने दिलेली ही जुनी दाद म्हणावी लागेल. मात्र उपसलेल्या गाळाच्या टेकडीवर पुढे भिकाऱ्यांनी आसरा घेतला. तो त्या चित्रांत कसा यावा?

ती उणीव भरून काढली कादंबरीकार पार्क ते-वॉन यांनी. जपानी अमलात, १९३६-३७ मध्ये मासिकातून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीत ओढ्याकाठी कपडे धुणाऱ्या बायका आहेत, न्हाव्याच्या दुकानातून रस्ता न्याहाळणारा पोऱ्या आहे. नायक असा कोणी नाहीच. काठावरची वस्तीच नायक. (‘पॅरासाइट’ चित्रपटाचे दिग्दर्शक बोंग जून-हो हे याच लेखकाचे नातू, मुलीकडून.)

युद्धानंतर निर्वासितांच्या झोपड्यांनी काठ भरले. १९५८ पासून ओढ्यावर काँक्रीट पडू लागले आणि पुढे वर उन्नत महामार्ग उभा राहिला. शेजारच्या कापड बाजारात कोवळ्या मुली अंधाऱ्या माळ्यांवर शिवणयंत्रे चालवीत. त्यांच्यासाठी दाद मागून थकलेल्या जोन ते-इल या बावीस वर्षांच्या शिंप्याने १३ नोव्हेंबर १९७० रोजी स्वतःला पेटवून घेतले. त्याच दशकात येशूसंघीय फादर जॉन डेली आणि जे जंग-गू हा तरुण या झोपडपट्टीत येऊन राहिले. दोघांना १९८६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या वाचकांना ही नावे ठाऊक असायला हवीत.

२००३ मध्ये महामार्ग पाडण्यास आरंभ झाला आणि १ ऑक्टोबर २००५ रोजी सुमारे सहा किलोमीटरचा ओढा पुन्हा उजेडात आला. पाणी बहुतांशी हान नदीतून पंपाने आणलेले; फेरीवाल्यांना तर काठ सोडावाच लागला. भिंतीवर राजा जंगजोच्या १७९५ च्या मिरवणुकीचे चित्र फरशांवर उतरविण्यात आले. उगमापाशी २००६ साली अमेरिकेतील क्लॉस ओल्डनबर्ग आणि कूश्ये व्हान ब्रुगेन यांचे शंखाकृती उंच शिल्प उभारले गेले. स्थानिक कलावंत संतापले: आम्हांला विचारले का नाही? मला त्यांचा राग रास्त वाटतो. ज्या ओढ्याने शहराची घाण, पूर आणि अश्रू सोसले, त्याच्या मुखाशी काय उभे राहावे, हे ठरविताना काठावरच्या माणसांचा आवाज ऐकायला हवा होता.

दुसरीकडे, सुमारे वीस हजार नागरिकांनी स्वतः रंगविलेल्या फरशांची एक भिंत तिथे आहे. आणि बाजाराजवळच्या पुलावर २००५ पासून जोन ते-इलचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. त्याला पाय नाहीत. तो पुलातूनच वर आल्यासारखा दिसतो, आणि येणारेजाणारे त्याच्या अगदी जवळून चालत जातात.