गॅस हायड्रेट: जळणारा बर्फ कसा बनतो आणि शास्त्रज्ञ तो कसा ‘बघतात’?

एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेल रिगवर स्फोट झाला. ११ कामगारांचा जीव गेला आणि समुद्रतळातून तेल वाहायला लागलं. मे महिन्यात सुमारे १,५०० मीटर खोलीवर, गळतीच्या जागी एक अवाढव्य स्टीलचा घुमट ठेवून पाहिला. पण घुमटात बर्फासारखा पदार्थ साचला, वरचं तोंड बुजलं आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. तो पदार्थ म्हणजे गॅस हायड्रेट.

हायड्रेट म्हणजे नेमकं काय?

पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजरे बनवतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात गॅसचा एक रेणू अडकतो. समुद्रात हा गॅस बहुतेक वेळा मिथेन असतो. दिसायला हा बर्फच, पण काडी लावली तर पेटतो! एक घनमीटर हायड्रेटमधून साधारण १६० घनमीटर गॅस निघतो.

तो कसा बनतो?

चार गोष्टी लागतात: पाणी, भरपूर गॅस, थंडी आणि दाब. ४ अंश सेल्सिअसला मिथेन हायड्रेट टिकायला हवेच्या दाबाच्या सुमारे ४० पट दाब लागतो. म्हणजे साधारण ४०० मीटर खोल पाणी. म्हणूनच तो खोल समुद्राच्या गाळात आणि कायम गोठलेल्या जमिनीखाली सापडतो. गॅसच्या पाइपलाइनमध्ये अशीच परिस्थिती तयार झाली, तर पाइपही तुंबतो.

बघायचं कसं?

खरी अडचण इथे आहे. नमुना वर आणला की दाब कमी होतो आणि हायड्रेट विरघळून गॅस उडून जातो. म्हणून गाळाचा नमुना समुद्रतळाच्या दाबासकट बंद नळीत वर आणतात आणि नळी न उघडताच त्याचा एक्स-रे काढतात.

भारताने २००६ मध्ये जॉइडेस रिझोल्यूशन या जहाजावरून कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात हेच केलं. तिथे एका ठिकाणी सुमारे १२८ मीटर जाडीचा हायड्रेटचा थर मिळाला. एक्स-रेमध्ये दिसलं की हायड्रेट चिकणमातीच्या भेगांमध्ये शिरांसारखा पसरलाय.

प्रयोगशाळेत सीटी स्कॅन आणि एमआरआय वापरतात. हो, हॉस्पिटलमध्ये असतात तेच तंत्र! एमआरआयमध्ये द्रव पाणी उजळ दिसतं, हायड्रेट जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे उजळ भाग जिथे काळा पडत जातो, तिथे हायड्रेट बनतोय असं समजायचं.

सिम्युलेशन कशाला?

पहिला पिंजरा बनण्याचा क्षण कुठल्याच कॅमेऱ्यात पकडता येत नाही, इतका तो सूक्ष्म आणि वेगवान असतो. मग कॉम्प्युटरमध्ये पाणी आणि मिथेनचे हजारो रेणू ठेवून प्रत्येकाची हालचाल मोजतात. एका मायक्रोसेकंदाची ‘फिल्म’ बनवायला सुमारे ५० कोटी टप्पे मोजावे लागतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा सिम्युलेशनमध्ये हायड्रेट आपोआप बनताना पाहिला. सुरुवातीचा स्फटिक नीटनेटका नव्हता, त्यात दोन प्रकारच्या रचनांची सरमिसळ होती.

याचा उपयोग काय?

मार्च २०१३ मध्ये जपानने समुद्रतळातल्या हायड्रेटमधून गॅस काढून दाखवला. पण विहिरीत वाळू शिरली आणि सहा दिवसांत चाचणी थांबली. कारण गाळाचे कण काही ठिकाणी हायड्रेटनेच धरून ठेवलेले असतात. तो गेला की गाळ सैल होतो. शिवाय मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तीव्र हरितगृह वायू आहे, त्यामुळे गळती परवडणारी नाही.

म्हणजे साठा किती आहे, एवढं कळून भागत नाही. हायड्रेट कणांच्या मध्ये कसा बसलाय आणि सुटताना काय होतं, हे आधी कळायला हवं. स्कॅन आणि सिम्युलेशन त्यासाठीच आहेत.